मानभावाची बोलणी : महानुभावांच्या निरूपणांतील दृष्टान्तपद्धति

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मराठी बोलणाऱ्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेली आहे. ‘मानभावी’ हें विशेषण तर ढोंगी, वरकरणी गोड अशा अर्थानें सर्रास वापरलें जातें, आणि तें ‘महानुभाव’ या पंथनामापासूनच आलें असें सामान्यतः मानतात. एका संपूर्ण संप्रदायाचें नांव भाषेनें दुर्गुणवाचक करून टाकावें ही गोष्ट लहान नव्हे. म्हण ही कोणाची साक्ष घेत नाहीं व कोणास उत्तर देण्यास अवसरही ठेवीत नाहीं. परंतु या म्हणीच्या उत्तरार्धांत प्रतिपक्षानें नकळत एक कबुली देऊन ठेविली आहे. या लोकांच्या बोलण्यांत ऐकणाऱ्याचें मन वळविण्याचें सामर्थ्य होतें, हीच ती कबुली होय. तें सामर्थ्य गोडव्यांत होतें कीं आणखी कशांत, याचा विचार वऱ्हाडांत जन्मास आलेल्या ग्रंथांच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उपहासाचें नांव एखाद्या पंथास कायमचें चिकटल्याचा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असें नाहीं. इंग्लंडांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, धर्मसुधारणा अर्धवट राहिली असून उपासना आणखी शुद्ध केली पाहिजे, असें म्हणणारा जो पक्ष निघाला, त्यास ‘प्युरिटन’, म्हणजे आपल्या भाषेंत ‘सोंवळे’, हें नांव विरोधकांनीं हिणविण्यासाठींच दिलें. त्या पक्षाचें बळ राजाश्रयांत नव्हतें. तें व्यासपीठावरील प्रवचनांत होतें. त्यांच्या वाङ्मयाचा मराठीशींही जुना संबंध आहे. जॉन बनियन याच्या प्रसिद्ध रूपककथेचें ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें हरी केशवजी यांनीं केलेलें भाषान्तर १८४१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासांत त्याचा उल्लेख होत असतो. वैराग्यप्रधान, कडक आचाराचा, लोकभाषेचा अभिमानी व प्रवचनावर उभा असलेला पंथ या नात्यानें महानुभावांची या मंडळींशीं तुलना करणें उद्बोधक होईल. प्रथम आपल्या घरची सामग्री पाहूं.

अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर हें गांव आहे. काटसुरें येथें जन्मलेले गोविंदप्रभु ऊर्फ गुंडम राउळ यांचें वास्तव्य येथें होतें, आणि गुजराथेंतून रामटेकच्या यात्रेस म्हणून निघालेल्या राजपुत्रास, म्हणजे पुढील श्रीचक्रधरांस, त्यांची भेट येथेंच झाली. चक्रधरांची जन्मभाषा गुजराथी. परंतु त्यांनीं निरूपण केलें तें मराठींत, आणि शिष्यांसही महाराष्ट्रांतच राहावें असा आचार घालून दिला. सुमारें १२७४ मध्यें चक्रधरांनीं उत्तरापंथें गमन केल्यानंतर नागदेवाचार्यादि शिष्यमंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिली. गुरूचा वियोग ताजा होता, व जें ऐकलें तें विसरूं नये ही तळमळ सर्वांच्याच मनांत होती. या तळमळींतून म्हाइंभटांनीं लीळा जमविण्यास आरंभ केला. म्हाइंभट हे मूळचे सराळ्याचे, शास्त्रार्थाचा अभिमान बाळगणारे पंडित. चक्रधरांशीं वाद करण्याच्या हेतूनें आले आणि शिष्य होऊन राहिले. ज्यानें ज्यानें चक्रधरांस पाहिलें व ऐकलें, त्या त्या व्यक्तीस गांठून त्यांनीं तिची साक्ष घेतली. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला.

या लीळांतून केसोबासांनीं दोन ग्रंथ वेगळे काढिले. चक्रधरांचीं वचनें निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला, व त्यांनीं सांगितलेल्या दाखल्यांचा ‘दृष्टान्तपाठ’ झाला. दृष्टान्तपाठांत ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येक दृष्टान्ताची रचना त्रिविध आहे. आधीं सूत्र, म्हणजे चक्रधरांचें सिद्धान्तवचन. मग दृष्टान्त, म्हणजे त्यांनीं सांगितलेली लहानशी गोष्ट. शेवटीं दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचें सूत्राशीं नातें काय हें सांगणारें केसोबासांचें विवरण. पहिले दोन भाग गुरूचे, तिसरा शिष्याचा. ही मर्यादा ग्रंथकर्त्यानें स्वतःच आंखून ठेविली आहे, व संशोधकानें तिचें महत्त्व कधींही विसरूं नये.

‘दृष्टान्त’ हा शब्द येथें सहज आलेला नाहीं. गौतमाच्या न्यायशास्त्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत दृष्टान्त हा एक आहे. आणि सामान्य लौकिक मनुष्य व परीक्षक पंडित या दोघांची बुद्धि ज्या विषयीं सारखीच असते तो दृष्टान्त, असें त्याचें लक्षण तेथें केलें आहे. या लक्षणांतच चक्रधरांच्या निरूपणाचें मर्म सांपडतें. अलंकार हा बोलणें सजविण्यासाठीं असतो. दृष्टान्त हा संमति मिळविण्यासाठीं असतो. वक्ता श्रोत्यास प्रथम अशा ठिकाणीं नेऊन उभा करितो कीं जेथें मतभेद संभवतच नाहीं. सूप कसें असतें, खांब कसा असतो, नाक वाहिलें म्हणजे काय करावें, याविषयीं वाद कोण घालणार? ही संमति एकदा मिळाली म्हणजे ‘तैसें’ या एका शब्दानें वक्ता तीच संमति सिद्धान्ताकडे वळवितो. श्रोत्यास वाटतें, हें तर आपल्यास पूर्वींपासूनच ठाऊक होतें. मन वळविण्याची ही रीत गोड बोलण्याची नसून अनुमानाची आहे. फक्त अनुमानाचीं अवजड अवयवनामें घराबाहेर ठेवून आलेली आहे.

उदाहरणार्थ, हत्ती व जात्यंध यांचा दृष्टान्त घ्या. गांवांत हत्ती आला. जन्मांध मंडळी त्यास पाहावयास गेली. ज्याच्या हातीं पाय लागला त्यास हत्ती खांबासारखा वाटला. सोंड लागली त्यास मुसळासारखा, कान लागला त्यास सुपासारखा, शेपूट लागलें त्यास खराट्यासारखा. ज्यास डोळे होते त्यानें मात्र सगळा हत्ती पाहिला. ही कथा चक्रधरांची स्वतंत्र निर्मिति नव्हे. बौद्धांच्या पालि ‘उदान’ ग्रंथांत ती आहे, व जैन अनेकान्तवादाच्या विवरणांतही ती वारंवार येते. तथापि एकाच कथेचा उपयोग तिघांनीं तीन प्रकारें केला आहे. बौद्ध ग्रंथांत अर्धवट ज्ञानावरून भांडणाऱ्या परिव्राजकांचा हास्यास्पद कलह दाखविण्यासाठीं ती येते. जैन तिच्यांतून प्रत्येक मतांत सत्याचा अंश आहे असें तात्पर्य काढितात. महानुभावांच्या ग्रंथांत भर आहे तो डोळस पुरुषावर. एकेक मत म्हणजे एकेक अवयवाचें ज्ञान. परमेश्वराचें समग्र ज्ञान ज्यास झालें तोच देखणा. दृष्टान्त तोच असला तरी सूत्र कोणतें व दार्ष्टान्तिक कोणतें यावर अर्थ फिरतो, हें यावरून स्पष्ट दिसेल. आणि म्हणूनच सूत्रापासून तोडलेला सुटा दृष्टान्त हा पुरावा म्हणून अपुरा असतो, असें आमचें मत आहे.

या दाखल्यांतील वस्तूंकडे पाहावें. सूप, मुसळ, खराटा हीं राजसभेंतील उपमानें नव्हत, तीं माजघरांतील व अंगणांतील आहेत. पंथांत स्त्रियांचा भरणा मोठा होता, आणि त्या केवळ श्रोत्या नव्हत्या, त्या प्रश्न विचारीत. ‘धवळे’ रचणारी महदाइसा हिच्या जिज्ञासेची प्रशंसा पंथाच्या ग्रंथांतच नमूद आहे. स्त्रियांच्या विटाळाविषयीं चक्रधरांनीं एका शिष्येस केलेलें समाधान लीळाचरित्रांत आहे, तें या रीतीचा उत्कृष्ट मासला म्हणतां येईल. देहास नऊ द्वारें आहेत व त्या प्रत्येकांतून मळ बाहेर पडतो. नाकांतून शेंबूड येतो, तो आपण पुसतों आणि मोकळे होतों. तसाच हाही देहाचा एक धर्म, त्यास निराळा विटाळ तो काय, असा त्याचा आशय. येथें श्रुतिवचन नाहीं, स्मृतीचें खंडनमंडन नाहीं. शेंबूड हा शब्द पंडितांच्या सभेंत कोणी उच्चारणार नाहीं. पण त्या एका हलक्या शब्दानें शतकानुशतकांच्या रूढीस जो प्रश्न विचारला तो कोणत्याही भाष्यानें विचारला नसता. यास गोड बोलणें कसें म्हणावें?

भाषेच्या या साधेपणाचें रक्षण पुढें मुद्दाम करण्यांत आलें. केसोबास व पंडित दामोदर हे दोघेही संस्कृताचे जाणते. केसोबासांची ‘रत्नमालास्तोत्र’ ही संस्कृत रचना प्रसिद्धच आहे. परंतु नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें. चक्रधरांनीं आपणांस मराठींत सांगितलें, तेव्हां मराठींतच विचारावें, आणि संस्कृतांत ग्रंथ केल्यास पंथांतील म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, असा त्यांचा अभिप्राय ‘स्मृतिस्थळ’ ग्रंथांत नोंदलेला आहे. १९३९ सालीं वा. ना. देशपांडे यांनीं हा ग्रंथ प्रकाशांत आणल्यापासून या प्रसंगाचा उल्लेख भाषाभिमानाचें उदाहरण म्हणून पुष्कळदां होतो. आम्हांस त्यांत भाषाभिमानापेक्षांही अधिक असें कांहीं दिसतें. ज्या बोलण्याचें बळ श्रोत्याच्या नित्याच्या अनुभवावर उभें आहे, तें बोलणें त्या अनुभवाची भाषा सोडतांच निर्बळ होतें, हें नागदेवांनीं ओळखलें होतें.

आतां प्युरिटन प्रवचनांकडे वळूं. केंब्रिजचा विल्यम पर्किन्स यानें प्रवचनकलेवर लॅटिन भाषेंत लिहिलेला ग्रंथ १५९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील उपदेशाचा सारांश असा : शास्त्रांतील वचन वाचावें, त्याचा अर्थ करावा, त्यांतून सिद्धान्त काढावा आणि तो साध्या, सरळ भाषेंत श्रोत्यांच्या आचरणास लावून दाखवावा. वक्त्यानें तयारी करितांना विद्या अवश्य वापरावी, पण प्रवचनांत तिचें प्रदर्शन करूं नये. ग्रीक-लॅटिनचे तुकडे फेंकूं नयेत. वचन, सिद्धान्त व विनियोग ही त्यांची परंपरा, आणि सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक ही रिद्धपूरची. तीन शतकांचें व दोन खंडांचें अंतर असतांही दोन्हीकडे तीच शिस्त उत्पन्न व्हावी, याचें कारण दोघांचाही श्रोता एकच होता, तो म्हणजे संस्कृत अथवा लॅटिन न जाणणारा गृहस्थ व गृहिणी.

साम्याबरोबर भेदही सांगितला पाहिजे. प्युरिटन वक्ता शास्त्रग्रंथापासून निघतो. त्याचा दृष्टान्त हा ग्रंथाचा सेवक असतो. महानुभावांत गुरूचें बोलणें हेंच शास्त्र झालें, म्हणून दृष्टान्तासही शास्त्राचें प्रामाण्य आलें. दुसरा भेद भावनेचा. प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या जोनाथन एडवर्ड्स यानें ८ जुलै १७४१ रोजीं न्यू इंग्लंडांतील एन्फील्ड येथें जें प्रवचन केलें, त्यांत पापी मनुष्यास अग्नीवर धरलेल्या कोळ्याची उपमा दिली होती, आणि श्रोत्यांतून असा आक्रोश उठला कीं वक्त्यास थांबावें लागलें, असें प्रत्यक्षदर्शीनें लिहून ठेविलें आहे. नरक महानुभावांच्या तत्त्वज्ञानांतही आहे; परंतु वर दिलेल्या दाखल्यांत श्रोत्यास घाबरविण्याचा यत्न दिसत नाहीं. तेथें त्याच्या समजुतीस हाक आहे. भयानें वश झालेला श्रोता भय ओसरतांच परततो. स्वतःच्याच अनुभवाची कबुली दिलेल्यास परतणें तितकें सोपें नसतें.

दोन्हीकडील ग्रंथांच्या रक्षणाची कथाही तुलनेस योग्य आहे. प्युरिटन प्रवचनें श्रोते आपल्या वह्यांत टिपून घेत, आणि अशा टिपणांवरून पुष्कळ प्रवचनें छापलीं गेलीं. वक्त्याचे शब्द कोणते व टिपणाराचे कोणते, हा वाद तेथें अद्याप चालतो. आपल्याकडे चौदाव्या शतकाच्या आरंभीं खालशाच्या धाडींत पंथाचे ग्रंथ गेले, व पुढें ते मुखोद्गत पाठांवरून पुन्हां जुळवावे लागले. हिराइसेच्या स्मरणांतील पाठ ‘पिढीपाठ’ म्हणून प्रसिद्ध आहे. सूत्रांचा आटोपशीरपणा व दृष्टान्तांतील परिचित वस्तु यांचा उपयोग येथें झाला. जें चित्ररूपानें मनांत बसलें तेंच धाडीनंतर उरलें. जुळणी करणाऱ्यांचा प्रामाणिकपणाही वाखाणण्यासारखा आहे. जेथें स्मरणांत फरक पडला तेथें त्यांनीं एक पाठ ठेवून दुसरा पुसून टाकिला नाहीं; ‘वासना’ व ‘शोधु’ अशा खुणा करून कोणाचें म्हणणें काय, तें नमूद केलें. पाठभेद नोंदण्याची ही पद्धति आधुनिक संपादकांसही लाजविणारी आहे.

मग एवढ्या उघड्या बोलण्याच्या पंथावर ढोंगाचा आरोप कां आला? आम्हांस त्याचें एक मुख्य कारण असें दिसतें कीं बोलणें उघडें राहिलें, पण पोथी झांकली गेली. सकळ, सुंदरी, वज्र, अंक इत्यादि सांकेतिक लिप्यांत ग्रंथ लिहिण्याचा प्रघात पडला. त्यांतील सकळ लिपीचें जनकत्व ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांस देतात. ग्रंथ अपवित्र हातीं पडूं नयेत, परक्यांनीं त्यांची विटंबना करूं नये, हा हेतु समजण्यासारखा आहे. परंतु बाहेरच्यांस त्याचा अर्थ निराळा लागला. जातिभेद, कर्मकांड व इतर देवतांची उपासना न मानणारे, काळीं वस्त्रें नेसणारे हे लोक बोलतात एक आणि लिहून ठेवितात भलतेंच, असा संशय रुजला. १७८२ सालीं पेशवाईंत त्यांच्याविरुद्ध हुकूम निघाला, त्यामागेंही अशीच विरोधाची हवा होती. शेजारच्या गांवीं संशयाचे विषय झालेले हेच लोक पंजाबांत व काबुलापर्यंत ‘जयकृष्णी’ या नांवानें मठ स्थापून राहिले आणि त्या परक्या मुलखांत मराठी पोथ्या सांभाळीत बसले, हें येथें आठवावें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि कुलूप उघडलें. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला, नागपूरचे ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्राचें संपादन केलें, वि. भि. कोलते यांनीं सिद्ध केलेली त्याच ग्रंथाची प्रत १९७८ सालीं राज्याच्या साहित्य संस्कृति मंडळानें छापली. या परिश्रमांमुळें म्हणीच्या पूर्वार्धाचीही तपासणी आतां करतां येते. ‘करणी कसाबाची’ असें म्हण म्हणते. लीळाचरित्रांत पारध्यांनीं पाठलाग केलेला एक ससा चक्रधरांच्या आश्रयास आल्याची लीळा आहे. शरण आलेल्या जीवास त्यांनीं अभय दिलें, आणि पारध्यांसही समजावून परत पाठविलें. लोणार येथें यादवराजा कान्हरदेव भेटीस आला असतां त्याचें द्रव्य त्यांनीं स्वीकारलें नाहीं, हेंही तेथेंच नमूद आहे. हीं शिष्यांनीं लिहिलेलीं चरित्रें होत, तेव्हां त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु म्हण हीही तटस्थाची साक्ष नव्हे. भक्ताची लीळा व विरोधकाची म्हण यांपैकीं एकच प्रमाण मानून निर्णय देणें हें इतिहासाचें काम नाहीं. तथापि करणीविषयीं कोणाचें कांहींही मत असो, बोलणी तर आपल्यापुढें लिहिलेली आहे. ती वाचून पाहणाऱ्यास तींत साखर सांपडत नाहीं. सूप, मुसळ आणि खराटा सांपडतो.

शेवटीं पोथीसंग्राहकांस एक विनंति. २०२४ सालीं रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या जिल्ह्यांतील मठांतून व जुन्या घरांतून महानुभावीय पोथ्या आजही असण्याचा संभव मोठा आहे. अशी पोथी हातीं आल्यास ती केवळ ‘दृष्टान्तपाठ’ म्हणून नोंदून ठेवूं नये. सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक हे तिन्ही भाग तींत आहेत कीं एखादा गळला आहे, त्यांचा क्रम कोणता, समासांत वासना अथवा शोधु यांच्या खुणा आहेत काय, सोबत सूत्राचा प्रसंग सांगणारें प्रकरणवश बांधलेलें आहे काय, लिपि कोणती, इतक्या गोष्टी तरी टिपून घ्याव्या. सुबक दिसावें म्हणून पोथीचे बंध सोडून सुटीं पानें विकणें अथवा चौकटींत लावणें हा तर या वाङ्मयाचा घातच होय. कारण सूत्रापासून तुटलेला दृष्टान्त, वर दाखविल्याप्रमाणें, कोणाच्याही मताचा साक्षी होऊं शकतो. एका पंथाविषयींचा जो निवाडा भाषेनें परस्पर देऊन टाकिला आहे, त्याच्या फेरविचारास लागणारे कागद याच बस्तन्यांत आहेत. ते जसेच्या तसे पुढील पिढीच्या हातीं पडावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.